लोखंडी पट्टीचे सप्तक

(केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेत प्राथमिक शिक्षकांपुढे केलेले भाषण)



बाजारात माठ घेताना आपण काय करतो, ते आठवून पाहा. माठाचा रंग पाहतो, बूड पाहतो आणि शेवटी बोटाने एक टिचकी मारून कान देतो. माठ खणखणीत वाजला तर पैसे मोजतो. बद्द वाजला तर खाली ठेवतो. डोळ्यांना न दिसणारी चीर कानाला कळते. वस्तूचा आवाज तिच्या आकाराची आणि अंतरंगाची साक्ष देतो, हे आपल्या आजीला शाळेत न जाताही ठाऊक होते. हेच एक सूत्र धरून आज मला आपल्याशी बोलावयाचे आहे. विषय आहे धातूच्या तुकड्यांपासून सुरेल वाद्य कसे घडवावे, हा. विषय संगीताचा वाटेल. परंतु त्यात गणित आहे, विज्ञान आहे, आणि माझ्या मते त्याहूनही महत्त्वाचे असे काही आहे. ते शेवटी सांगेन.

आपण ज्या भागात शिकवितो, तो लोखंडाचा भाग आहे. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाली आणि पुढील काही वर्षांत पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, भोसरी ह्या गावांचे रूप पालटले. तीच वाट पुढे चाकण, म्हाळुंगे, निघोजे, कुरुळी येथवर आली. आपल्या वर्गातील कित्येक मुलांचे वडील प्रेस शॉपमध्ये, फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये किंवा लेथवर काम करतात. ह्या मुलांना धातूचा परिचय होतो तो गोंगाट म्हणून. पत्रा कापल्याचा कर्कश आवाज, प्रेसचा दणका, भंगाराच्या गाडीचा खडखडाट, एवढेच त्यांच्या कानी पडते. आणि तरीही हाच मुलूख टाळांचा आहे. आळंदी एका बाजूस, देहू दुसऱ्या बाजूस; तुकोबारायांची पालखी आकुर्डीस मुक्कामाला थांबते, तेव्हा कारखान्यांच्या भिंतींना लागून शेकडो टाळ एका लयीत वाजत जातात. टाळ काय आणि प्रेसखालचा पत्रा काय, दोन्ही धातूच. मग एकाचा सूर होतो आणि दुसऱ्याचा गोंगाट, असे का? ह्या प्रश्नाचे उत्तर मला पुस्तकातून मिळाले नाही. ते एका फसलेल्या प्रयोगातून मिळाले, आणि त्या फसण्याची किंमत एका मुलाने दिली. म्हणून आधी तीच हकीकत सांगतो.

खेड तालुक्यातील एका शाळेत मी होतो. शाळेत पेटी नव्हती, तबला नव्हता. परिपाठाच्या प्रार्थनेला सूर देण्यास काहीच नसल्यामुळे प्रत्येक मुलाचा षड्ज निराळा असे. लोखंडाच्या पट्ट्या कापून आपणच एक वाद्य करावे, असे माझ्या मनात आले. सहावीतील एका मुलाचे वडील बीडकडून येऊन इथल्या एका शेडमध्ये कामाला लागले होते. त्यांनी आपल्या मालकांची परवानगी घेऊन पाच मिलिमीटर जाडीच्या लोखंडी पट्टीचे उरलेले तुकडे शाळेला दिले. मुलगा ते डोक्यावर घेऊन आला. त्या दिवशी वर्गात त्याच्याइतका मोठा माणूस दुसरा नव्हता.

मला तंबोऱ्याच्या तारेचे गणित ठाऊक होते. तार निम्मी केली की सूर दुप्पट उंच होतो; दोन तृतीयांश केली की पंचम मिळतो. आपल्या सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल ह्यांनी तारेच्या लांबीवरून हिंदुस्थानी संगीतातील श्रुती मोजल्या आणि १९१० साली त्यावर इंग्रजीत पुस्तक प्रसिद्ध केले. असा आधार असताना मी निश्चिंत होतो. तीस सेंटिमीटरची पट्टी षड्जाची, वीस सेंटिमीटरची पंचमाची, पंधरा सेंटिमीटरची तार षड्जाची, असा हिशेब करून मी आठ पट्ट्या कापल्या, त्यांच्या टोकांना भोके पाडली आणि फळीवर बोल्टने घट्ट आवळून टाकल्या. प्रजासत्ताकदिनी गावकऱ्यांसमोर वाद्य मांडले. पहिला टोला पडला तो खट्ट असा. दुसराही तसाच. आठही पट्ट्या मुक्या होत्या. मुले हसली, मोठी माणसेही हसली. ज्या मुलाने त्या पट्ट्या आणल्या होत्या तो व्यासपीठावरून खाली उतरला आणि पुढे दोन दिवस शाळेत आला नाही.

तिसऱ्या दिवशी त्याचे वडील आले. तक्रार करण्यास आले असावेत, असे मला वाटले. ते म्हणाले, “गुरुजी, पोराच्या मनानं घेतलंय, की आपल्या बापाच्या कारखान्यातलं लोखंडच हलकं. म्हणून वाजलं नाही.”

हे ऐकून मला जी लाज वाटली ती अजून गेलेली नाही. चूक माझ्या गणिताची होती. पण मुलाने ती आपल्या बापाच्या माथी मारली. आपण शिकविताना चुकतो, तेव्हा मूल आपल्याला क्वचितच दोष देते. ते स्वतःला दोष देते, नाहीतर आपल्या घराला.

त्या गृहस्थांनी फळीवरची एक पट्टी सोडविली, दोन बोटांवर सैल ठेवली आणि खिशातल्या पान्याने हलकेच ठोकली. पट्टी गाऊ लागली. मी चकित झालो. ते म्हणाले, “गुरुजी, बोल्ट आवळला की माल मुका होतो. ग्राइंडरवर नवं चाक चढवायच्या आधी आम्ही ते असंच मोकळं धरून ठोकतो. खणकन वाजलं तर चांगलं. बद्द वाजलं तर तडा. तसलं चाक चढवलं तर फुटून माणूस जातो.” माठाची टिचकी आणि कारखान्यातील ही परीक्षा एकच आहे, हे मला त्या क्षणी उमगले. आता ह्यामागील शास्त्र पाहू.

पट्टीवर टोला मारला की ती वाकते, सरळ होते, उलट वाकते. हेच तिचे कंपन. मध्यभाग खाली जातो तेव्हा दोन्ही टोके वर येतात. टोके खाली येतात तेव्हा मध्यभाग वर. ह्या झुल्यात दोन जागा अशा असतात की तेथे पट्टी जवळजवळ हलतच नाही. त्यांना निस्पंद म्हणतात. सर्वत्र सारखी जाड असलेल्या पट्टीत हे निस्पंद प्रत्येक टोकापासून लांबीच्या सुमारे शेकडा साडेबावीस अंतरावर असतात. वर्गासाठी सोपा अपूर्णांक सांगतो: लांबीचे नऊ समान भाग करावेत आणि दोन्ही टोकांकडून दोन-दोन भाग मोजून खूण करावी. तेथे आधार दिला तर पट्टी मुक्तपणे गाते. अन्यत्र घट्ट धरली तर मुकी होते. मी नेमकी टोके आवळली होती, म्हणजे जी जागा सर्वांत अधिक हलावयास हवी तिचाच गळा मी धरला होता.

हे मुलांना डोळ्यांनी दाखविता येते. पट्टी दोन सुतळ्यांवर ठेवा, वर चिमूटभर कोरडी रांगोळी भुरभुरा आणि मध्यभागी हलके टोले मारीत राहा. रांगोळीचे कण नाचत नाचत दोन रेषांवर येऊन थांबतात, त्याच निस्पंदरेषा. जर्मन शास्त्रज्ञ अर्न्स्ट क्लाड्नी ह्याने १७८७ साली धातूच्या तबकड्यांवर वाळू टाकून आणि कडेवरून गज फिरवून अशाच सुंदर आकृत्या उमटवून दाखविल्या. त्या पाहून सम्राट नेपोलियनही थक्क झाला, आणि त्यांचे गणित मांडणाऱ्यास पॅरिसच्या विद्वत्संस्थेने पारितोषिक जाहीर केले. ते तिसऱ्या प्रयत्नात, १८१६ साली, सोफी जेर्मँ ह्या स्त्रीने मिळविले. स्त्री म्हणून तिला तेथील महाविद्यालयात प्रवेश नव्हता; घरी बसून, पुरुषाचे नाव घेऊन पत्रे लिहून ती गणित शिकली होती. आपल्या वर्गातील मुलींना ही हकीकत अवश्य सांगावी.

टाळ दोरीने मध्यावरच का धरतात, हेही मुलांना विचारा. गोल तबकडीची कड वरखाली होते, मध्य मात्र स्वस्थ राहतो. म्हणून दोरी मध्यात ओवली तरी टाळाचा आवाज मरत नाही. तोच टाळ कडेने मुठीत धरून वाजवा, लगेच खट्ट होईल. पिढ्यान्‌पिढ्या टाळ घडविणाऱ्यांनी निस्पंद हा शब्द ऐकला नसेल. जागा मात्र अचूक साधली.

आता माझी दुसरी चूक. पट्ट्या मोकळ्या केल्यावर त्या गाऊ लागल्या. पण सप्तक लागेना. पंचम म्हणून कापलेली पट्टी तार सप्तकातील रिषभ देई, आणि तार षड्जाची पट्टी दोन सप्तके वर जाऊन किणकिणे. कारण असे की, तारेला ताण असतो. पट्टीला ताण नसतो, तिला तिचा स्वतःचा ताठरपणा परत आणतो. लांबी घटली की पट्टी वाकण्यास फारच कठीण होते. म्हणून पट्टीची कंपनसंख्या लांबीच्या व्यस्त प्रमाणात नसून लांबीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असते. लांबी निम्मी केली तर कंपने दुप्पट नव्हे, चौपट होतात. जाडी दुप्पट केली तर कंपने दुप्पट होतात. रुंदीने मात्र सुरात जवळजवळ फरक पडत नाही. ती फक्त आवाजाला भरीवपणा देते.

तात्पर्य, एखादा सूर मूळ षड्जाच्या जितकेपट उंच हवा, त्या संख्येचे वर्गमूळ काढून षड्जाच्या लांबीस भागावे. तीस सेंटिमीटर षड्ज धरून शुद्ध स्वरांच्या लांब्या अशा येतात:

षड्ज : ३०.० सेंटिमीटर
रिषभ : २८.३
गंधार : २६.८
मध्यम : २६.०
पंचम : २४.५
धैवत : २३.२
निषाद : २१.९
तार षड्ज : २१.२

ह्या आठ पट्ट्यांची एकूण लांबी सुमारे दोन मीटर भरते. करवतीच्या कापात जाणारे धरून दोन मीटर दहा सेंटिमीटर पट्टी पुरे होते. पंचवीस मिलिमीटर रुंद आणि पाच मिलिमीटर जाड अशी माइल्ड स्टीलची पट्टी घेतल्यास तिचे वजन दोन किलोच्या आसपास भरेल. ह्या मापाचा षड्ज सेकंदास सुमारे २९० कंपनांचा, म्हणजे पेटीच्या पांढरी दोनच्या जवळपास येतो. मुलांच्या गळ्याला तो सोयीचा आहे.

फसलेल्या पट्ट्याही आम्ही टाकल्या नाहीत. रिषभाची म्हणून कापलेली पट्टी गंधाराच्या अगदी जवळ आली होती, किंचित चढी. चुकीच्या गंधाराची चोवीस सेंटिमीटरची पट्टी थोडी कापून धैवत झाली; चुकीच्या मध्यमाची साडेबावीसची पट्टी निषाद झाली. वीस सेंटिमीटरचा चुकीचा पंचम तार रिषभ म्हणून आहे तसाच राहिला. नव्या पट्ट्या फक्त चार कापाव्या लागल्या. कोणती चूक कोठे उपयोगी पडेल, हा हिशेब मुलांनी फळ्यावर मांडला. वर्गमूळाचा इतका रस घेतलेला वर्ग मी त्यापूर्वी पाहिला नव्हता.

परंतु मापाने कापलेली पट्टी अचूक सुरात लागतेच असे नाही. तीस सेंटिमीटरांत दोन मिलिमीटरांची चूक झाली तरी सूर जवळजवळ एका श्रुतीने हलतो, आणि ते कानाला खटकते. म्हणून शेवटचे काम कानशीचे आणि कानाचे. सूर उतरला असेल तर टोकाकडून थोडे घासावे. लांबी घटते आणि सूर चढतो. सूर चढा असेल तर पट्टीच्या पोटाशी, म्हणजे खालच्या बाजूस मध्यभागी, कानस चालवावी. तेथे पट्टी पातळ होऊन नरम पडते आणि सूर उतरतो. आमचा चढा गंधार असाच पोट घासून जागेवर आणला. हाच उपाय मोठमोठ्या घंटांनाही लागू आहे. हॉलंडमधील हेमोनी बंधूंनी १६४४ साली झुट्फेन गावच्या मनोऱ्यासाठी घंटांचा संच ओतला, तेव्हा प्रत्येक घंटा आतून तासून तासून सुरात आणली. सुरेल घंटासंचाची परंपरा तेथून दृढ झाली. १७३९ साली चिमाजी आप्पांनी वसई जिंकली, त्यानंतर पोर्तुगीज घंटा आपल्या देवळांत आल्या. त्यांतील एक भीमाशंकरास आहे. शाळेची सहल तेथे जाईल तेव्हा मुलांना घंटेच्या कडेला हलकेच बोट लावू द्या. टोल पडून गेल्यावरही कड थरथरत असलेली बोटाला कळते.

आता धातूविषयी थोडे. लोखंड जड आणि अॅल्युमिनियम हलके. तरी एकाच मापाच्या दोन पट्ट्यांचे सूर जवळजवळ सारखे येतात. ह्याचे नवल वाटेल. पण सूर केवळ वजनावर ठरत नाही. ताठरपणा आणि घनता ह्यांच्या प्रमाणावर तो ठरतो, आणि ते प्रमाण ह्या दोन धातूंत जवळपास सारखे आहे. पितळेची त्याच मापाची पट्टी मात्र बरीच खाली बोलते. घंटेसाठी कांसे वापरतात, म्हणजे ढोबळ मानाने चार भाग तांबे आणि एक भाग कथील. कथिलामुळे धातू कठीण होतो आणि नाद फार वेळ टिकतो. मात्र तो ठिसूळही होतो, म्हणून घंटा उंचावरून पडली तर तडकते.

धातूच्या उरल्यासुरल्या तुकड्यांतून वाद्य निर्माण करण्यात कमीपणा नाही, हे सांगण्यासाठी तीन उदाहरणे देतो. पहिले मैहरचे. उस्ताद अल्लाउद्दीन खाँसाहेबांनी मैहर संस्थानात अनाथ मुलांना जमवून वाद्यवृंद उभा केला, आणि त्यासाठी बंदुकीच्या नळ्या निरनिराळ्या लांबीच्या कापून नलतरंग हे वाद्य घडविले. ज्या नळीतून गोळी सुटावयाची तिच्यातून त्या पोरक्या मुलांनी राग वाजविले. दुसरे वेस्ट इंडीजमधील त्रिनिदादचे. तेथे तेलाच्या खाणी आहेत. तेथील गरीब वस्त्यांतील तरुणांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात टाकाऊ पिंपांची तोंडे ठोकून ठोकून त्यांत एकेका सुराचा खळगा पाडला. १९९२ साली ते स्टीलपॅन त्रिनिदादचे राष्ट्रीय वाद्य म्हणून जाहीर झाले. तिसरे उदाहरण आपल्या पेशातले आहे. जर्मनीतील संगीतकार कार्ल ऑर्फ ह्यांनी मुलांसाठी सुट्या पट्ट्यांची वाद्ये प्रचारात आणली. त्यांतील नको त्या पट्ट्या काढून ठेवता येतात. प्रथम दोनच पट्ट्या, मग तीन, मग पाच. त्यामुळे मुलाचा हात चुकीच्या सुरावर पडण्याचा प्रश्नच उरत नाही आणि पहिल्याच दिवशी ते सुरेल वाजवू लागते. आपणही षड्ज आणि पंचम ह्या दोनच पट्ट्यांपासून आरंभ करावा.

एक जिज्ञासू मुलगी मला विचारीत असे, “गुरुजी, पट्टी सरळच का हवी? मासळीच्या आकाराची चालणार नाही का?” प्रश्न उत्तम आहे. कोणताही धातूचा आकार वाजतो. पण प्रत्येक आकार एकाच वेळी अनेक सूर बोलतो. साध्या पट्टीचा दुसरा सूर मूळच्या २.७६ पट, तिसरा ५.४० पट असतो. तारेचे वरचे सूर दुप्पट, तिप्पट असे गोडीने जुळतात. पट्टीचे तसे जुळत नाहीत. म्हणूनच धातूचा आवाज निराळा ओळखू येतो. आकार वेडावाकडा झाला की हे सूर आणखी विस्कळीत होतात. २०१५ साली अमेरिकेतील कोलंबिया, हार्वर्ड आणि एम.आय.टी. ह्या विद्यापीठांतील संशोधकांनी संगणकाच्या साहाय्याने ह्यावर उपाय शोधला. प्राण्यांच्या आकाराच्या धातूच्या तबकड्यांत कोठे किंचित फुगवटा द्यावा, कोठे भोके पाडावीत, ह्याचा हिशेब संगणकाने केला, आणि प्रत्येक प्राणी नेमका हवा तो सूर बोलू लागला. आपल्या भागात पत्रा हव्या त्या आकारात कापून देणाऱ्या लेझर यंत्रांची वाण नाही. तेव्हा त्या मुलीच्या मासळीला सूर मिळणे आता अशक्य राहिलेले नाही.

वर्गात हे कसे करावे, ते थोडक्यात सांगतो. पहिली-दुसरीच्या मुलांना फक्त ऐकू द्यावे: वाटी, पळी, टाळ, विळा, कोणता आवाज लांबतो, कोणता तुटतो. तिसरी-चौथीने पट्ट्या मोजाव्यात, लांबीप्रमाणे लावाव्यात आणि उंच-खाली सूर ओळखावेत. पाचवीने नवव्या भागाची खूण करावी आणि रांगोळीने ती ताडून पाहावी. सहावी-सातवीने तक्ता तयार करावा. आठवीने वर्गमूळाने तो सिद्ध करावा. मांडणी सोपी आहे. खोक्यावर दोन जाड सुतळ्या ताणाव्यात, मात्र समांतर नव्हे: षड्जाखाली त्यांच्यात पावणेसतरा सेंटिमीटर अंतर असावे आणि तार षड्जाखाली पावणेबारा, म्हणजे प्रत्येक पट्टी आपल्या निस्पंदांवरच टेकेल. टोला देण्यास काठीच्या टोकाला सायकलच्या ट्यूबचे रबर गुंडाळावे. कठीण टोल्याने वरचे कर्कश सूर उठतात. मऊ टोल्याने मूळ सूर भरतो.

काही सावधगिरी अवश्य पाळावी. पट्ट्या कापण्याचे आणि भोके पाडण्याचे काम मोठ्या माणसानेच करावे. प्रत्येक कड कानशीने बोथट केल्याशिवाय मुलांच्या हाती देऊ नये. रसायनांची पिंपे किंवा डबे कितीही स्वच्छ दिसले तरी शाळेत आणू नयेत. तुकडे घ्यावयाचे ते मालकांच्या संमतीनेच. आणि एका वेळी एकाच मुलाने वाजवावे. चाळीस मुलांनी एकदम ठोकले तर आपणही एक प्रेस शॉपच उघडल्यासारखे होईल.

शासकीय चौकटीत हे कोठे बसते, अशी शंका कोणी काढील. १९३७ साली वर्धा येथील परिषदेत महात्माजींनी हाताच्या कामातून शिक्षणाचा विचार मांडला, तो आपणांस परिचित आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही सहावी ते आठवीच्या काळात मुलांनी दहा दिवस दप्तराविना स्थानिक कारागिरांकडून शिकावे, असे सुचविले आहे. आपल्या भागात कारागीर शोधावयास दूर जावे लागत नाही. ते संध्याकाळी मुलाला न्यायला शाळेच्या फाटकाशी उभे असतात.

आता प्रारंभी राखून ठेवलेली गोष्ट. पट्ट्या पुन्हा कापून झाल्यावर सूर लावण्याच्या कामी ते गृहस्थ चार रविवार शाळेत आले. खालचे सूर त्यांनी झटपट लावले. तार षड्ज आला तेव्हा ते थांबले. म्हणाले, “गुरुजी, हा वरचा बारीक आवाज मला आता नीट येत नाही. बारा वर्षं प्रेसवर गेली.” सततच्या मोठ्या आवाजाने प्रथम बारीक आवाज ऐकण्याची शक्ती जाते, हे मी वाचले होते, समोर पाहिले त्या दिवशी. मग त्यांनी मुलाला जवळ बोलाविले, कानस हातात धरली आणि म्हणाले, “तू सांग. तू थांब म्हणशील तिथं थांबतो.” बाप घासत होता, मुलगा कान देत होता. “अजून. अजून थोडं. बास, आबा.” तो तार षड्ज आजही त्या वाद्यातील सर्वांत अचूक सूर आहे. निषाद मात्र घाईत जास्त कापला गेला. तो अद्याप किंचित चढाच आहे, आणि ती चूक माझी आहे.

त्या दिवसापासून मुलगा शाळेत लोखंडाबद्दल कोणी काही विचारले की पुढे होऊन सांगू लागला. वडिलांनी कामावर कानात बोळे घालण्यास आरंभ केला, तोही मुलाच्या आग्रहाने. बंधुभगिनींनो, सात सुरांचे एक ओबडधोबड वाद्य शाळेत आले, हा लाभ लहान नाही. परंतु आपल्या बापाचे हात ज्या वस्तूत दिवसभर राबतात तिच्यात सूर असतो, आणि तो सूर ओळखण्यासाठी कान जपावा लागतो, एवढे जर आपल्या मुलांना कळले, तर त्यासाठी दोन मीटर पट्टी आणि चार रविवार ही किंमत मला जड वाटत नाही.

पुढील परिषदेस येताना प्रत्येकाने एकच करावे, अशी विनंती आहे. आपापल्या गावातून एक पट्टी आणावी, तिच्यावर निस्पंदाच्या दोन खुणा करून आणाव्यात आणि ती कोणाच्या हातून मिळाली, हे सांगावे. सूर आपण सगळे मिळून लावू.